वास गेला, धास्ती उरली

‘माझ्या तोंडाला वास येतो, म्हणून लोक लांब सरकतात. काय करू?’ हा प्रश्न माझ्याकडं नेहमी येतो, आणि बहुतेक वेळा तो शेवटच्या दहा मिनिटांत येतो. आधी झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, लग्न जमत नाही हे सगळं सांगून होतं. निघायची वेळ झाली की मग हळूच हे. इतकी त्याची लाज वाटते. म्हणून एका मुलाची हकिगत लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो महाद्वार रोडवर एका साड्यांच्या दुकानात गादीवर बसायचा. वय २७. साडी विकायची म्हणजे दिवसभर बोलायचं, पदर उलगडायचा, काठ दाखवायचा, तेही गिऱ्हाइकापासून हातभर अंतरावर बसून. माझ्याकडं आला तेव्हा समोरची खुर्ची सोडून दाराजवळच्या बाकावर टेकला. चार घड्या घातलेला रुमाल तोंडापाशी.

“मॅडम, माझ्या तोंडाला वास येतोय. आई म्हणती काय नाही, खरं मला माहीत हाय.”

आमच्या कोल्हापुरात ‘पण’ म्हणायचं तिथं ‘खरं’ म्हणतात. त्या तासाभरात हा शब्द त्याच्या तोंडी सारखा येत राहिला. आई नाही म्हणती, खरं ती आईच हाय. मालक काय बोलत नाहीत, खरं बघत्यात. कुणी कितीही दिलासा दिला तरी पुढं एक ‘खरं’ उभं.

सुरुवात कुठून झाली, असं विचारलं. दीड वर्षापूर्वी दुकानातल्या एकानं काही न बोलता त्याच्या हातावर वेलदोडा ठेवला होता. बस्स, एवढंच. तेव्हापासून गिऱ्हाइकानं नाकाला हात लावला, मान वळवली, पंखा वाढवायला सांगितला, की त्याच्या वहीत नोंद. वही खरोखरच होती, त्यानं मला दाखवली.

मग त्यानं विचारलं, “तुम्हाला येतोय का?”

मी म्हटलं, “मला इथनं लवंगेचा वास येतोय, दुसरा नाही. खरं तू दाराजवळ बसलायस. त्यामुळं आधी दातांच्या डॉक्टरांकडं जाऊन ये.”

हा माझा नियम आहे. ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून माणसाला वाटेला लावणं मला पटत नाही. आधी तोंड तपासायचं, मग मन.

तोवर त्यानं काय काय करून पाहिलं होतं! सहा महिने रोज रात्री पोट साफ व्हायचं चूर्ण, कारण घरात सगळ्यांचं एकमत की वास पोटातून येतो. प्रत्यक्षात अन्ननलिका एरवी मिटलेली असते. पोटातला वास ढेकर आली किंवा आंबट वर आलं तरच बाहेर पडतो. दुर्गंधीचं मूळ बहुतेकांच्या तोंडातच असतं. जिभेच्या मागच्या भागावर, हिरड्यांच्या कडेला, दातांच्या फटीत हवेशिवाय जगणारे जिवाणू राहतात. अन्नाचे कण आणि तोंडातल्या मेलेल्या पेशी यांतली प्रथिनं ते फोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. कुजक्या अंड्याच्या वासातलं हायड्रोजन सल्फाइड त्यातलंच. लसणाचं मात्र वेगळं आहे. त्यातला एक गंधकाचा पदार्थ रक्तात उतरतो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे येत राहतो, म्हणून ब्रश करूनही लसणाचा वास लगेच जात नाही.

कांदा-लसूण सोडलं, सकाळचा नाश्ता सोडला, तांबडा रस्साही नको म्हणायला लागला. आई काळजीत पडली. दिवसातून पाच वेळा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनं गुळण्या. बोलणंही कमी केलं. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वास वाढवणारी होती. तोंड धुऊन काढायचं काम लाळ करते. चावणं बंद झालं की लाळ कमी सुटते, अल्कोहोलनं तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडात जिवाणूंचं फावतं. सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो तो यामुळंच. रात्री लाळ आटलेली असते.

दातांच्या डॉक्टरांनी तपासलं तर हिरड्या सुजलेल्या, दातांच्या मुळाशी किटण, जिभेवर मागं पिवळट साय. म्हणजे वास होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं, “तुझं बरोबर होतं. घरचे तुला जपायला नाही म्हणत होते.” तो एकदम रडायला लागला. सुटका झाल्यासारखं रडणं होतं ते.

किटण काढलं. दोन वेळा ब्रश, रात्री दातांच्या फटी दोऱ्यानं साफ, सकाळी जीभ अगदी मागपर्यंत पण हलक्या हातानं खरवडायची, पाणी पुरेसं, नाश्ता पुन्हा सुरू, माउथवॉश बंद. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी त्याला वीसपर्यंत मोठ्यानं आकडे म्हणायला लावले आणि वीतभरापेक्षाही कमी अंतरावरून स्वतः वास घेतला. काही नाही. ही तपासणी दुसऱ्यानंच करायची असते. ओंजळीत फुंकर मारून आपला आपल्याला अंदाज येत नाही, नाक आपल्या वासाला सरावलेलं असतं.

बहुतेकांची गोष्ट इथं संपते. हिरड्या, जीभ सगळं ठीक असूनही वास राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. टॉन्सिलमध्ये खडे किंवा सायनसचा त्रास असू शकतो. श्वासाला पिकल्या फळासारखा वास, सोबत तहान आणि सारखी लघवी, असं असेल तर त्याच दिवशी साखर तपासायची, उद्यावर टाकायचं नाही.

त्याची गोष्ट संपली नाही. वास गेला, वही चालूच राहिली. आठवड्यातून एक-दोन खाडे व्हायला लागले. वास नसताना तो आहेच अशी खात्री बाळगून जगणं हा एक ओळखलेला आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा आहे. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडंही पाठवलं. त्यांनी गोळ्यांची घाई केली नाही, बोलणं चालू ठेवा म्हणाले.

मी त्याला एक काम दिलं. दोन दिवस गल्ल्यावर बसायचं, गिऱ्हाइकांपासून लांब, तोंड मिटून, आणि नाकाला हात लावणारे मोजायचे. अर्ध्या तासाचा कागद काड्यांनी भरला. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांवर असंच निरीक्षण झालं होतं. ते तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावत होते. हा आकडा मी त्याला त्याचा कागद भरल्यावरच सांगितला. कागद बघत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “खरं, माझ्यासमोर जास्त लावत असतील.” मी मान डोलावली. शंका एका कागदानं जात नाही.

दुसरं काम अवघड होतं. दिवसातून दहा वेळा आईला विचारणं बंद करायचं. प्रत्येक ‘नाही रे’नं तासभर बरं वाटायचं आणि शंका आणखी पोसली जायची. दुकानातल्या एका जुन्या विक्रेत्याला सगळे मामा म्हणत. ठरलं असं की फक्त शनिवारी, एकदाच, मामांना विचारायचं. आणि मामांनी मन राखायला बोलायचं नाही. त्याच्यासमोर मी त्यांना फोनवर हे दोनदा बजावलं. वेलदोडा हातावर ठेवणाऱ्यानं एकांतात दोन शब्द बोलले असते तर या पोराचं दीड वर्ष वाचलं असतं, असं मला आजही वाटतं.

तीन शनिवार मामा ‘नाही’ म्हणाले. तिन्ही वेळा त्याचा विश्वास बसला नाही.

चौथ्या सोमवारी तो आला आणि पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीत बसला.

“मामा परवा म्हणले, येतोय की! कांदा खाऊन चूळ भरली नाहीस व्हय?”

“मग?”

“मग काय, आधीचे तीन शनिवार आठवले. म्हटलं, हा माणूस असला तर असला म्हणतोय.” थोडा थांबला. “चूळ भरून आलो, परत गादीवर बसलो. बाया चार होत्या समोर. एक पैठणी गेली.”