गणपतीत दिलेला रंग नवरात्रात फुगला, आता दिवाळीआधी काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचताना "पेंटर म्हणतोय आणखी एक हात डॅम्पप्रूफचा मारू" या ओळीवर थांबलो. तो हात मारू देऊ नका. उत्तर लांबलंय, सवडीने वाचा, पण एवढं आज संध्याकाळपर्यंत पेंटरला कळवा.

तुम्ही लिहिलंय ते असं: बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर, जाड भिंती, गणपतीच्या आधी पुढच्या खोलीला पुट्टी आणि प्लास्टिक पेंट, नवरात्रात खालच्या तीन फुटांत फोड आणि पांढरी पूड, भाऊबीजेला पाहुणे, हातात तीन आठवडे. आणि विचारलंय काय, तर फोड झाकायला वॉलपेपर कुठला आणि घर उबदार दिसायला माळा कुठल्या. माळांचं शेवटी बघू. जळमटं, पडदे, भांड्यांची घासपूस हे तुम्हाला मी काय सांगणार.

ती पांढरी पूड बुरशी नव्हे, लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. बुरशी बहुधा काळी-हिरवट असते आणि कुबट वास मारते. लोणा बोटाखाली कुरकुरतो आणि ब्रशने कोरडाच झडतो. आपल्याकडच्या जुन्या घरांचा पाया जांभ्याचा नाहीतर काळ्या दगडाचा, जोड मातीचा नाहीतर चुन्याचा. जमिनीतली ओल अडवणारा थर त्यात नसतोच. पावसाळ्यात ओल भिंतीतून साधारण तीन फुटांपर्यंत चढते. चुन्याचा गिलावा असला की ती तिथूनच हवेत निघून जाते आणि क्षार पृष्ठभागावर पडतात, वर्षातून एकदा झाडून टाकायचे. वर प्लास्टिकचा थर आला की ओल कोंडते, आणखी वर चढते, आणि क्षारांचे खडे रंगाच्या पाठीमागे तयार होतात. खडा वाढतो तसा रंग ढकलतो. तोच तुमचा फोड.

दुकानात सांगतात, "वॉटरप्रूफ आहे वो, काय होत नाही." ते खोटं बोलत नाहीत. पाणी अडतंच की! पण पाणी कुठल्या बाजूने येतंय हे गिऱ्हाईकाला कुणी विचारत नाही. बाहेरून पावसाच्या झडीला रंग अडवेल. भिंतीच्या पोटातून येणाऱ्या ओलीला आतून अडवणं म्हणजे उकळत्या पातेल्यावर झाकण दाबून धरणं. मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, म्हणून जरा टोकाचं लिहितोय. पैसे गेले ते गेले. पुट्टी खरवडताना तिच्याबरोबर जुना चुन्याचा गिलावाही पापुद्र्याने सुटून येतो, आणि तो परत तसा करणारा गवंडी आता शोधून सापडत नाही.

खरवडायच्या आधी दोन गोष्टी तपासा. एक, डाग कुठे आहे. जमिनीपासून सुरू होऊन सगळीकडे साधारण एकाच उंचीवर थांबत असेल तर ओल जमिनीतली. वरून खाली ओघळ असेल तर कौल सरकलंय किंवा पन्हाळ तुंबलंय. भिंतीच्या मध्येच गोल डाग असेल तर नळाचा पाइप. प्लंबर आधी, रंग नंतर. दोन, जाड पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा आणि दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंत ओली आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर ओल हवेतली, म्हणजे घरात कपडे वाळवल्याची. मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांतही दोन-अडीच लिटर पाणी उरतंच, आणि जून ते सप्टेंबर ते सगळं तुमच्या पुढच्या खोलीत उतरतं. तसं असेल तर दोरी मागच्या पडवीत हलवा, निम्मं काम झालं.

आता तीन आठवड्यांत होण्यासारखं. खोली पूर्ण रंगवायचा विचार या दिवाळीपुरता सोडा. जाड भिंत सुकायला इंचाला महिना धरतात. तुमची दीड फुटाची असेल तर हिशेब तुम्हीच करा. करायचं एवढंच: जमिनीपासून तीन फुटांवर दोरीला काव लावून सरळ रेघ उठवा आणि रेघेखालची पुट्टी-रंग सगळा काढा. रेघेवरचा चांगला असेल तो राहू दे. फोड आले तेवढंच खरवडलं तर भिंत नायट्यासारखी दिसते. पट्टा अख्खा काढला की मुद्दाम केल्यासारखा दिसतो. जुन्या घरांत खाली गेरूचा पट्टा असायचा तो नुसता नक्षीपुरता नव्हता. दरवर्षी खराब होणार तोच भाग वेगळा ठेवायचा आणि दरवर्षी तेवढाच नव्याने करायचा, असा तो हिशेब.

खरवडल्यावर लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि खाली कागद पसरून ती पूड बाहेर टाका. पाण्याने धुवायची नाही. धुतलं की मीठ विरघळून परत आत जातं. मग सात-आठ दिवस खिडक्या उघड्या आणि पंखा चालू. परतीचा पाऊस आला तर तेवढ्या वेळापुरत्या बंद करा. रोज झाडल्यावर पुन्हा थोडा लोणा दिसेल, घाबरू नका, बाहेर येतोय ते बरंच आहे. नंतर भिंतीवर पाण्याचे शिंतोडे मारून बघा. लगेच शोषले तर चुना धरेल. थेंब तसेच घरंगळले तर पुट्टी किंवा प्रायमर अजून बाकी आहे, त्यावर चुना मारलात तर तो पापडासारखा सुटेल.

चुन्याचं प्रमाण: दहा बाय बाराच्या खोलीचा तीन फुटी पट्टा दार वगळता साधारण १२० चौरस फूट होतो. त्याला कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना ३ किलो आणि पाणी १५ लिटर तीन हातांना पुरून उरतं. लोखंडी पिंप किंवा जुनी घागर घ्या. प्लास्टिकची बादली चुन्याच्या उष्णतेने वाकते आणि ॲल्युमिनियमचं पातेलं चुना खातो. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट केलंत, म्हणजे चुन्यावर पाणी ओतलंत, तर उकळून तोंडावर उडतो. चष्मा, रबरी हातमोजे, मुलं लांब. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि थेट डॉक्टर. घरगुती उपाय करत बसायचं नाही. निवलेला चुना किमान २४ तास मुरू द्या, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा, आणि लिटरला ४ ग्राम या हिशेबाने बाभळीचा डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे १५ लिटरला ६० ग्राम. कळीचा मिळाला नाही तर पिशवीतली चुन्याची पावडर चालते, तीही रात्रभर भिजवून.

भिंत आधी पाण्याने दमट करून मग हात मारा. ओला असताना चुना जवळजवळ दिसतच नाही, सुकल्यावर पांढरा होतो. पहिल्यांदा करणारा इथेच फसतो: "काही उठतच नाही" म्हणून घट्ट थापतो, आणि तो जाड थर तडकून भुकटी होतो. दुधाइतका पातळ, तीन वेळा, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर पुढचा. एक उभा तर दुसरा आडवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही.

रंगासाठी शेवटच्या दोन हातांत गेरू मिसळा. चुन्याच्या वजनाच्या एक दशांशाच्या वर नको, म्हणजे किलोला १०० ग्राम. जास्त झाला तर चुना त्याला धरून ठेवत नाही. यातून फिकट, विटकरीकडे झुकणारा रंग येईल. गडद हवा तर चुन्याचे हात सुकल्यावर वर नुसता गेरू डिंकाच्या पाण्यातून द्या, पण आधी हातभर जागेत करून बघा. अंगठा घासल्यावर पूड आली तर डिंक कमी, सुकून चकाकला आणि खपल्या धरल्या तर जास्त. या गडद गेरूला टेकून बसलेल्याच्या पांढऱ्या शर्टाचं काय होईल ते सांगत नाही. पाटाची किंवा गादीची जागा भिंतीपासून चार इंच पुढे घ्या. तशीही ओल्या भिंतीला चिकटवून कपाट, सोफा काही ठेवू नये.

सूचना लिहून ठेवतो: मी इंजिनियर नाही. भिंतीला उभी भेग असेल, गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर जाणत्याला दाखवा. आणि हे सगळं शहापूर, वडगाव, अनगोळ, खानापूरकडच्या घरांपुरतं. अथणी-रायबागकडे पाऊस कमी आणि काळी माती फुगते-आकसते, तिथलं दुखणं वेगळं.

ओल मुळात का वाढली, हेही बघा. बाहेरची जमीन घरातल्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली हवी. जुन्या गल्ल्यांत तशी होतीच. पण रस्ता करताना जुना थर न उखडता त्यावरच नवा थर, मग त्यावर काँक्रीट, मग त्यावर पेव्हर, असं करत करत रस्ता उंबऱ्याला आलाय आणि जोतं जमिनीत गेलंय. एका कार्यालयात याबद्दल अर्ज दिला की "हे त्या टेबलाला" आणि त्या टेबलाला गेलं की "साहेब साइटवर गेलेत". अर्ज मराठीत का म्हणून एक फेरी, कन्नडमध्ये नेला तर नकाशा कुठाय म्हणून दुसरी. तोवर रोलर फिरून गेलेला असतो. असो, यावर लिहायला बसलो तर दिवाळी निघून जाईल. आपल्या हातात आहे तेवढं करा: भिंतीलगत फूटभर रुंद चर काढून त्यात खडी भरा, पागोळ्यांचे शिंतोडे भिंतीवर उडायचे थांबतात. तिथे सिमेंटचा कट्टा बांधू नका, आणि तुळशीच्या कुंड्याही भिंतीला लावून नकोत.

चुन्याची भानगडच नको असेल तर वॉलपेपरपेक्षा आजीची सुती इरकल बरी. वॉलपेपर म्हणजे पुन्हा तेच झाकण, शिवाय त्याच्या खळीवर बुरशी पोसते. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास असतो. जमिनीपासून चार फुटांवर, भिंतीपासून दोन इंच पुढे लाकडी दांडी बसवा आणि साडी तिच्यावर आडवी सोडा; खाली तीन इंच मोकळे राहतात, मागून हवा खेळते. पणती मात्र तिच्यापासून चार हात लांब. पाहुणे गेले की साडी काढून उन्हात टाका.

आता तुमच्या माळा. खोली उदास दिसण्यात निम्मा वाटा त्या छतावरच्या पांढऱ्याफेक ट्यूबचा असतो. बल्ब घेताना खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला परत द्या, २७०० ते ३००० चा मागा. ७ किंवा ९ वॉटचे दोन, बसल्यावर डोक्याच्या थोडे वर येतील असे, दोन कोपऱ्यांत. गेरूच्या पट्ट्यावर तो उजेड पडला की वेगळ्या सजावटीची फारशी गरज उरत नाही. एकाच खोलीत पांढरा आणि पिवळा मिसळू नका, आणि रंगीबेरंगी लुकलुकणारी माळ घरात लावण्यापेक्षा आकाशकंदिलाच्या दोरीला गुंडाळा.

तीन फुटी दाराच्या तोरणाला मध्यम झेंडू २० ते २२ आणि आंब्याची पानं ११ लागतात. अर्धा किलो फुलं घेतली की उंबऱ्यालाही उरतात. आदल्या संध्याकाळी बाजारात भाव चढतो, म्हणून त्याच्याही एक दिवस आधी घ्या आणि ओल्या फडक्यात ठेवा, पिशवीत बांधून नको, काळी पडतात. दोरा फुलाच्या देठाकडच्या हिरव्या गाठीतून ओवा, पाकळ्यांतून ओवलेलं फूल दुपारपर्यंत गळतं. खानापूरच्या मातीच्या नव्या पणत्या दोन-तीन तास पाण्यात बुडवून मग पूर्ण वाळवा, नाहीतर पहिलं तेल पणतीच पिते. अंगणात पोरं किल्ला करणार असतील तर भिंतीपासून लांब करायला सांगा. ओल्या मातीचा ढीग महिनाभर जोत्याला टेकून राहतो आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात.

गारठ्याचं एक राहिलं. भाऊबीजेच्या पाहुण्यांना पहाटे थंडी वाजणारच, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. वाकळी आणि घोंगडी आत्ताच दोन दुपारी कडक उन्हात घाला, उलटसुलट करून. घोंगडी धुवायची नाही, झटकायची. कापसाच्या गाद्या गोळा झाल्या असतील तर पिंजाऱ्याला आजच सांगून ठेवा, दिवाळी तोंडावर आली की त्याला वेळ नसतो. आणि उबेसाठी कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात ठेवू नका, झोपताना तर नाहीच. तिच्या धुराआधीच तिचा बिनवासाचा वायू जीव घेतो.

प्लास्टिकच्या चौकोनाची तपासणी झाली की थेंब कुठल्या बाजूला आले आणि डाग जमिनीपासून किती इंचांवर थांबतो, ते लिहा. खरवडलेल्या जागेचा फोटो दिवसाउजेडी काढा, फ्लॅश नको. खालचा गिलावा चुन्याचा की सिमेंटचा ते त्यावरून सांगता येईल. सिमेंटचा निघाला तर वरचं चुन्याचं प्रमाण वापरायची घाई करू नका, आधी विचारा.