नाटक-सिनेमाचं संगीत करायचंय, पण पोटापाण्याचं काय?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. पेटी चांगली वाजवते, कॉलेजच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत देते. आर्वो पॅर्त या एस्टोनियन संगीतकाराची तिला भारी ओढ. आता म्हणते, नाटक-सिनेमाचं संगीतच करणार. यात पोट भरेल का? – एक पालक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे. पण लेकीने ज्यांचं नाव घेतलंय, त्यांनी पोट कसं भरलं तेही पाहा.

पॅर्त यांचा जन्म १९३५चा, बालपण राकवेरे या लहानशा गावात गेलं. घरातल्या पियानोच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या, म्हणून पोरगा वरच्या आणि खालच्या सुरांवरच प्रयोग करत बसे. चौकातल्या लाउडस्पीकरवर रेडिओची मैफल लागली की सायकलवरून चकरा मारत ऐके.

पुढे टालिनच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, हाइनो एलर यांच्याकडे शिकतानाच त्यांनी एस्टोनियन रेडिओत ध्वनिमुद्रणाची नोकरी धरली. पदवी १९६३ला मिळाली, नोकरी १९६७पर्यंत चालली. त्याच दिवसांत बालनाट्यांना आणि अ‍ॅनिमेशनपटांनाही संगीत दिलं. १९६८मध्ये ‘क्रेडो’ या रचनेत ख्रिस्तावरची श्रद्धा उघडपणे मांडली. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत राजवटीखाली होता; अधिकाऱ्यांना ते खपलं नाही, त्या रचनेचे जाहीर कार्यक्रम थांबले. नंतरची काही वर्षं ते फारसं नवं लिहीत नव्हते, जुन्या चर्चगायनाचा अभ्यास करत होते. तेव्हा आधार होता तो सिनेमाच्या कामाचा. ‘उकुआरू’ (१९७३) या चित्रपटासाठी त्यांनी केलेला वॉल्ट्झ (एक नृत्यसंगीत) एस्टोनियात आजही आवडीने वाजवला जातो. मग १९७६ला ‘फ्यूर अलीना’ आलं. जेमतेम दोन पानांची पियानोरचना : एक सुरावट पायरीपायरीने चालते, दुसरी एकाच त्रिस्वरातल्या, म्हणजे ठरलेल्या तीन सुरांच्या गटातल्या, सुरांना धरून राहते. जगभर त्यांची ओळख झाली ती या शैलीमुळे, आणि तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते.

म्हणून माझं स्पष्ट मत : मुलीला संगीतापासून तोडू नका, पण नुसत्या चाली रचण्यावरही सोडू नका. तिने ध्वनिमुद्रण शिकावं. माइक कुठे ठेवायचा, संवादाखाली संगीत किती दाबायचं, हे जाणणाऱ्याला स्टुडिओत, नाटकात, जाहिरातीत काम मिळत राहतं. पुण्यात एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनीचा अभ्यासक्रम आहे, मात्र त्याला पदवी लागते. तेव्हा आधी पदवी. ती संगीतातली हवी असेल तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची चौकशी करा. पाश्चात्य स्वरलेखन मात्र आजपासूनच सुरू करू दे. एकट्या पेटीवर वाद्यवृंदासाठी लिहिता येत नाही.

महागडा कीबोर्ड लगेच घेऊ नका. तिच्या पुढच्या एकांकिकेचं संगीत तिलाच रेकॉर्ड करू दे आणि ती फाइल मला पाठवा. ऐकून पुढचं बोलू.