‘बरी शे’ म्हणणाऱ्या लेकीस

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू शिरपूर तालुक्यात सासरी. नवरा सुरतेला लूमवर, कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे गावच्या चौघांबरोबर एका खोलीत अडकलेला. तापीपलीकडे पारोळ्याजवळ आई एकटी. यंदाची, 26 एप्रिल 2020 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली नि गेली, लग्नानंतर पहिल्यांदाच तुझा माहेरचा झोका चुकला. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघतेस, मग छाती धडधडते, हात थरथरतात. सासरे खोकले की पोटात गोळा येतो. गोठ्यात जाऊन रडतेस. सगळे म्हणतात, ‘चांगला विचार कर’, आणि ते जमत नाही म्हणून स्वतःवरच चिडतेस. शेवटी विचारलंस, ‘मावशी, मला वेड तर लागत नाही ना?’

नाही लागत, बाई. तुझी तीन माणसं तीन गावांत, मध्ये जिल्ह्याच्या आणि राज्याच्या हद्दी बंद. अशा वेळी जीव घाबरा होणारच. जबरदस्तीने हसरं राहायचा प्रयत्न आधी सोड. भीती वाटते ती वाटते, आणि वर ‘मी भित्री’ म्हणून स्वतःला बोल लावत बसलीस तर त्रास दुप्पट होतो.

ती धडधड काय असते, तेही सांगते. धोका दिसला की शरीर पळायला तयार होतं, म्हणून काळीज जोरात चालतं, श्वास उथळ होतो. पळायला जागा नसली तरी शरीराला ते कळत नाही. ही लाट बहुतेक वेळा दहा मिनिटांत चढते आणि मग उतरते. त्या वेळी पाय जमिनीला टेकवून बस. श्वास घेताना चारपर्यंत मोज, सोडताना सहापर्यंत. सोडायचा श्वास लांब, एवढं धर. मात्र छातीत खरंच दुखलं, दम लागला किंवा हे वारंवार होत राहिलं, तर अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव.

मोबाइलचं मी जरा कडक बोलणार आहे. बातम्या दिवसातून एकदा, दुपारी, अर्धा तास. नात्यागोत्याच्या ग्रुपवर काढे आणि आकडे फिरतात, ते म्यूट कर. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि तू घराच्या धाब्यावर, गच्चीत, सासूबाईंशेजारी झोप. सुरतेहून रात्री फोन येईल म्हणून उशाशी ठेवतेस, हे कळतं मला. तर नवऱ्याशी रोज नऊची वेळ ठरव, आणि खरीच अडचण आली तर सासऱ्यांच्या फोनवर रिंग द्यायला सांग.

तो पायी निघायचं म्हणतो, असं लिहिलंस. त्याला निक्षून सांग, या उन्हात नवापूरच्या रस्त्याने पायी नको. 1 मेपासून मजुरांसाठी श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्यात, तिथल्या प्रशासनाकडे नाव नोंदव म्हणावं. वाट बघणं जड जाईल, पण वाट बघ म्हणावं.

‘काही झालं तर?’ हा प्रश्न रात्री छळतो, म्हणून त्याचं उत्तर दिवसा कागदावर लिहून ठेव. कोणाला ताप आला तर वेगळी खोली कोणती, आशाताईंचा आणि आरोग्य केंद्राचा नंबर, गाडी कोणाची. आईच्या बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या आहेत का, शेजारच्या कोणाचा फोन तिच्यासाठी चालेल. सासऱ्यांचा खोकला जुना, बिडीचा आहे असं तूच लिहितेस. त्यात ताप किंवा दम वाढला तर बघायचं, प्रत्येक ढासेला नाही. कागद भिंतीला लाव. रात्री प्रश्न आला की ‘लिहून ठेवलंय’ म्हण.

आणि हाताला काम दे. वैशाख चाललाय, यंदा बिबडे, आपले ज्वारीचे पापड, झाले का तुमच्याकडे? दरवर्षी आळीतल्या चार बायका जमतात, यंदा तू आणि सासूबाई दोघीच करा. ज्वारी भिजत घातली की तीन दिवसांचा धागा आपोआप मिळतो. भल्या पहाटे उठून घाटा हाटायचा, लसूण-मिरचीचा वास, उन्हं चढायच्या आत ओल्या कापडावर थापून व्हायला हवेत. घाटा खाली लागू नये म्हणून सारं ध्यान त्या पातेल्यात ठेवावं लागतं, तेवढा वेळ मन सुरतेला पळत नाही. सासूबाईही त्यात बोलत्या होतील. त्यांचाही मुलगा तिकडेच आहे ना गं?

इतकं करूनही आठ-दहा दिवसांत झोप आली नाही, खाणं सुटलं किंवा जगणं नको वाटलं, तर बंगळूरच्या निम्हान्सची हेल्पलाइन आहे, 080-46110007. तिथे मानसिक आरोग्याची जाणकार माणसं ऐकून घेतात. फोन करण्यात कमीपणा नाही.

एक शेवटचं. तू आईला फोनवर आपल्या अहिराणीत ‘मी बरी शे’, बरी आहे, असं सांगतेस, आणि आईही तुला ‘मी बरी शे’ सांगते. दोघी एकमेकींना सांभाळता सांभाळता एकट्या पडल्यात. आज संध्याकाळी तूच आधी म्हण, ‘माय, माले करमत नही.’ मग तिला आखाजीचं एखादं गाणं म्हणायला सांग. झोका नसला म्हणून काय झालं, फोनवर म्हणू दे तिला. काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
मावशी