मीटिंगमध्ये मलाच का बोलता येत नाही?

"बाकीचे सगळे किती ठामपणे बोलतात; मलाच का जमत नाही?" समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी विभागात काम करणारी एक तरुणी तोच प्रश्न घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागांत, ब्लो-होल (वायूमुळे पडणारी छिद्रे) येत होते आणि साच्याच्या वाळूतला ओलावा वाढल्याचे तिच्या लक्षात आले होते, पण सकाळच्या मीटिंगमध्ये मोल्डिंगच्या (साचे बनवण्याच्या विभागाच्या) ज्येष्ठ सुपरवायझरांनी वेगळेच कारण सांगितले आणि तिने वही मिटली.

"त्यांना पूर्ण खात्री होती, हे तुम्हाला कशावरून कळले?" मी विचारले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आवाजावरून."

स्वतःच्या छातीतली धडधड आपल्याला ऐकू येते, समोरच्याची येत नाही. म्हणून तो निर्धास्त आहे असे आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषण करणाऱ्यांना आपली घबराट जितकी उघड झाली असे वाटत होते, तितकी ती श्रोत्यांना जाणवलीच नव्हती. सुपरवायझरांची घबराटही तिला दिसली नसेल, ही शक्यता तिने कधी विचारातच घेतली नव्हती.

'आत्मविश्वास वाढवा' असा सल्ला मी देत नाही, कारण तो ऐकून आधीच खचलेला माणूस आणखी एकटा पडतो. तिला मी एवढेच सुचवले की सुपरवायझरांना निवांत गाठावे, त्यांचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे, ते आपल्या शब्दांत सांगून 'बरोबर समजले ना?' असे विचारावे आणि तोवर स्वतःचे मत बाजूला ठेवावे. मात्र केवळ शब्द परत म्हणून दाखवले तर ते पोपटपंचीसारखे वाटते. बोलण्यामागची काळजी ओळखली, तरच समोरच्याला आपले ऐकले गेल्यासारखे वाटते.

पुढच्या भेटीत तिने सांगितले, की तिने "ह्या रिजेक्शनचा सगळा भार तुमच्यावरच येतोय ना?" असे म्हणताच ते क्षणभर थांबले. "रात्री डोळा लागत नाही बघा, मॅडम," ते म्हणाले, आणि मग त्यांनी आपणहून विचारले, "तुम्हाला काय वाटतंय?" तेव्हा तिने वाळूच्या नोंदी पुढे केल्या.

मीटिंगमध्ये तिचा आवाज अजून कापतो. पण आता ती आधी सुपरवायझरांचे म्हणणे मांडते आणि त्याला जोडून स्वतःचे सांगते.