कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइल एडिटिंग करून ऑनलाइन विकायच्या असतील, तर कशात बदलाव्यात?

प्रोरेस ४२२ या ॲपलच्या, एडिटिंगसाठी बनवलेल्या फॉरमॅटमध्ये बदला. एमटीएस फाइल ज्यात असतात तो कॅमकॉर्डरचा एव्हीसीएचडी फॉरमॅट जागा वाचवण्यासाठी बनलेला आहे. त्यात बऱ्याच फ्रेम्स पूर्ण नसतात, आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून बांधाव्या लागतात, म्हणून एडिटिंग करताना टाइमलाइनवर व्हिडिओ अडखळतो. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. मात्र फुल एचडीला सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर तासाला साधारण ५५ जीबी लागतात, ५० फ्रेम्सना त्याच्या दुप्पट, तेव्हा आधी हवे ते शॉट निवडा, मग तेवढेच बदला. यानं दर्जा वाढत नाही, फक्त काम सुरळीत होतं.

खरी मेख इंटरलेसिंगची, म्हणजे चित्र एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या भागांत टिपण्याची. ५०आय मध्ये (सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं) शूट केलं असेल तर एक फ्रेम थांबवून बघा: फडकत्या पताकेच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील. असं फुटेज स्टॉक साइटवर, म्हणजे तयार व्हिडिओ विकणाऱ्या साइटवर, सहसा नाकारलं जातं. एफएफएमपेग हे व्हिडिओ बदलण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यातल्या बीडब्ल्यूडीआयएफ (bwdif) फिल्टरनं डीइंटरलेस करा, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करा. सेकंदाला ५० फ्रेम्सचं छान, सलग चित्र मिळतं.

कार्डावरून सुट्या फाइल उचलू नका, अख्खं फोल्डर कॉपी करा. लांब शॉट तुकड्यांत साठवलेला असतो, सुटे तुकडे जोडताना सांध्यावर आवाज तुटू शकतो. मूळ फाइलही जपून ठेवा.

आणि चेहरे ओळखू येत असतील तर जाहिरातीच्या वापरासाठी त्या माणसांची लेखी संमती लागते. ती शूटिंगच्या वेळीच घ्या, नंतर माणसं सापडत नाहीत.