वाचकांचे प्रश्न : छोट्या टँकमध्ये शीट फिल्म

प्रश्न : 4×5 इंचाच्या चार शीट 475 मिलीच्या चपट्या टँकमध्ये आयडी-11 हा डेव्हलपर (1+1, म्हणजे एक भाग मूळ द्रावण, एक भाग पाणी) वापरून डेव्हलप करतो. प्रिंटमध्ये आकाश कडांना फिकट पडतं. डेव्हलपर कमी पडतोय का?

उत्तर : नाही. चार शीट म्हणजे 80 चौरस इंच, 36 फ्रेमच्या एका रोलइतकंच क्षेत्रफळ. 1+1 ला तुमच्या टँकमध्ये मूळ द्रावण 237 मिलीच्या आसपास जातं. एका रोलला 100 मिली पुरतं. शिवाय डेव्हलपर थकला असता तर अख्खी निगेटिव्ह पातळ आली असती. प्रिंटमध्ये फिकट ते निगेटिव्हवर दाट, म्हणजे तुमच्या फक्त कडा दाट आहेत.

दोष हलवण्यात आहे. टँक जोरात उलटला की द्रावण होल्डरच्या कडेच्या फटींतून मुसंडी मारतं आणि तिथल्या इमल्शनला (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थराला) मधल्या भागापेक्षा जास्त ताजा डेव्हलपर मिळतो. पहिल्या 10 सेकंदांत चारदा उलटा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच, पण सावकाश. दर खेपेला टँक हातात थोडा फिरवा, म्हणजे प्रवाह एकाच कडेने जाणार नाही. शेवटी टँक ओट्यावर हलकेच आपटा, बुडबुडे सुटतात. टँक काठोकाठ भरण्याचा मोह टाळा : वर हवाच उरली नाही तर उलटून काही हलत नाही. आधी 20 अंशांच्याच पाण्यात दोन मिनिटं भिजवलंत तर डेव्हलपर सगळीकडे सारखा शिरतो. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ लागणारी विरलता घेऊच नका. एचपी5 प्लस फिल्मला आयडी-11 च्या 1+1 मध्ये 20 अंशांवर 13 मिनिटं लागतात, तिथे चुकीला वाव असतो.

रॉडिनल हा डेव्हलपर 1+100 वापरणार असाल तर मात्र तुमची शंका रास्त ठरेल. 475 मिलीत मूळ रसायन जेमतेम 4.7 मिली. तेव्हा दोनच शीट घाला.

प्रश्न : शीट गुंडाळून, रबर लावून गोल टँकमध्ये डेव्हलप केल्या. पाठीवर जांभळे डाग राहिले. निगेटिव्ह गेली का?

उत्तर : गेली नाही. पाठीवरचा अँटीहॅलेशन रंग (प्रकाश मागून परतून प्रतिमेभोवती वलय पडू नये म्हणून दिलेला) आहे तो. शीटची पाठ टँकला चिकटून बसली, तिथे फिक्सर (प्रतिमा कायम करणारं रसायन) पोहोचलाच नाही. उजेडातच, ट्रेमध्ये ताज्या फिक्सरमध्ये पाठ वर करून चार मिनिटं ठेवा, मग पुन्हा नीट धुवा. पुढच्या वेळी शीटच्या मागे खिडकीच्या प्लास्टिक जाळीचा तुकडा घालून गुंडाळा.

फिक्सरची वेळ अंदाजाने ठरवू नका. वाया गेलेल्या शीटचा तुकडा त्यात बुडवून पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहा आणि त्याची दुप्पट धरा.

प्रश्न : अंधारात इमल्शनची बाजू कशी ओळखावी?

उत्तर : शीट उभी धरा. शीटच्या काठावर कापलेल्या खाचा वर, उजव्या कोपऱ्यात लागल्या की इमल्शन तुमच्याकडे. बोटाने घासून पाहू नका, ओरखडा उमटतो.