खोबरेल-बदाम सोडून केसांना आणि चेहऱ्याला लावण्यासाठी कोणती वेगळी नैसर्गिक तेलं चांगली?

वेगळं तेल म्हटलं की आर्गन, जोजोबा, रोझहिप, मारुला ही नावं पुढे येतात. माझं मत विचाराल तर नावावरून तेल निवडूच नका. ते ताजं आहे का, हे आधी बघा. सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि याच मुद्द्यावरून घरात माझं मोठं वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मोठ्या नणंदेनं घरगुती फेस ऑइल विकायला सुरुवात केली होती. रोझहिप, म्हणजे रानगुलाबाच्या बियांचं तेल, मोठ्या कॅनमधून आणायचं, त्यात सुगंधी तेलाचे थेंब टाकायचे आणि पारदर्शक काचेच्या बाटल्यांत भरून खिडकीत मांडून ठेवायचं, कारण उन्हात फोटो छान येतात. लेबलवर ‘व्हिटॅमिन सी युक्त, शंभर टक्के नैसर्गिक’. मला एक बाटली दिली. झाकण उघडताच जुन्या ऑइलपेंटच्या डब्यासारखा वास आला. मी म्हटलं, “ताई, हे खवट झालंय.” त्या म्हणाल्या, “नैसर्गिक तेलाला वास असणारच. तुझं नाक केमिकलला सरावलंय.”

आता या वासामागचं कारण बघा. जवसाचं तेल हवेत सुकतं, म्हणून रंगांत वापरतात. ते सुकतं त्यातल्या लिनोलेनिक आम्लामुळे, म्हणजे तेल ज्यांचं बनतं त्या मेदाम्लांपैकी एकामुळे. तेच आम्ल रोझहिपमध्येही भरपूर असतं. लिनोलेइक आणि लिनोलेनिक मिळून त्याचा निम्म्याहून बराच जास्त भाग होतो. ही दोन्ही आम्लं हवा, ऊन आणि उष्णता लागली की फार लवकर बिघडतात. म्हणजे ताईंनी नेमकं फार नाजूक तेल निवडलं आणि ते उन्हात ठेवलं. आणि व्हिटॅमिन सी? ते पाण्यात विरघळतं. फळाच्या गरात ते असतं, बियांच्या तेलात उतरत नाही. लेबलवरचं ते वाक्य सरळ खोटं होतं.

मी बाटली प्रयोगशाळेत नेली आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल हवेनं किती बिघडलंय ते दाखवणारा आकडा, काढली. तेलात पोटॅशियम आयोडाइड घालायचं, सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटनं मोजायचं, स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं. कोडेक्सच्या, म्हणजे खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय, मानकात थंड दाबाच्या खाद्यतेलाला किलोमागे 15 मिलिइक्विव्हॅलंटची मर्यादा आहे. थायोसल्फेट जितकं जास्त लागेल तितकं तेल जास्त बिघडलेलं. इथे निळा रंग जाईचना, ब्युरेट (मोजायची नळी) पुन्हा भरावी लागली. आकडा ताईंना फोनवर सांगितला, दुसऱ्या कुणालाही नाही. त्यांनी मात्र सगळ्या घराला सांगितलं की माझा धंदा वर येतोय हे हिला बघवत नाही. पुढे त्यांच्या एका गिऱ्हाइकाचा चेहरा लालबुंद झाला. तो खवट तेलानं झाला की सुगंधी तेलानं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल’ हे वाक्य ऐकलं की मला आजही राग येतो. बिब्ब्याचं तेलही नैसर्गिकच असतं, लावून बघा म्हणावं.

बरं, आता बाकीची तेलं. जोजोबाबद्दल माझं मत चांगलं आहे. ते खरं तर तेल नाही, द्रवरूप मेण आहे. आपल्या त्वचेच्या स्वतःच्या तेलातही साधारण पाव भाग मेणच असतं. जोजोबा सहजासहजी खवट होत नाही. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलावर अमेरिकेत 1970 च्या सुमारास बंदी आली, तेव्हा त्याच्या जागी जोजोबा आलं ते याच गुणांमुळे. मेडोफोम हे तसंच टिकाऊ, फारसं कुणाला माहीत नसलेलं तेल. त्यातली बहुतेक मेदाम्लं लांब साखळीची असतात. मारुलात ओलेइक हे मेदाम्ल जास्त, त्यामुळे तेही टिकतं. मात्र ज्यांना पुरळ येतं त्यांनी ओलेइक जास्त असलेली तेलं चेहऱ्याला जपूनच लावावीत. आर्गनचं कौतुक मला कळत नाही. ओलेइक आणि लिनोलेइकचं प्रमाण बघितलं तर ते तिळाच्या तेलाच्या अगदी जवळ बसतं. सी-बकथॉर्न या झुडपाच्या फळांच्या गराचं तेल गडद नारिंगी असतं, उशीचा अभ्रा कायमचा रंगेल. रोझहिप वाईट नाही, पण छोटी गडद बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

केसांसाठी वेगळं तेल शोधूच नका. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतून प्रथिनं निघून जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्यामुळे केसाच्या आत शिरतं. रोझमेरी तेलाचं नाव सगळे 2015 च्या एका चाचणीवरून घेतात. सहा महिन्यांनी ते दोन टक्के मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या औषधाच्या बरोबरीचं दिसलं, पण त्यात काहीच न लावलेला गट नव्हता, म्हणून मी त्यावर फार भरवसा ठेवत नाही. कोंडा असेल तर तेल चोपडणं बंद करा. कोंड्यामागची मालासेझिया ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. गळती जास्त असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, तेलाची बाटली बदलून काही होणार नाही.

राहिलेलं: कोणतंही नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस बघा. लिंबाच्या सालीचं थंड दाबाचं तेल किंवा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं तेल लावून उन्हात जाऊ नका, त्वचा भाजते. टी ट्री तेल जुनं झालं की त्याची ॲलर्जी जास्त येते. लहान बाळाला ऑलिव्ह तेल चोळू नका, त्वचेचं संरक्षक कवच त्यानं कमजोर होतं.

आणि बाटलीवर तेल काढल्याची तारीख नसेल तर घेऊ नका, विकणारं माणूस घरातलं असलं तरी.